पाच मिनिटं बोलायचंय? आधी नटाकडून शिका



या वेळच्या व्हिडिओत आपण लोकांसमोर बोलताना नटाची तंत्रं कशी वापरायची, हा विषय घेतला होता. व्हिडिओत सगळं मावलं नाही. ज्यांना खरोखर सराव करायचाय त्यांच्यासाठी इथे क्रमाने लिहितोय. शेवटी सात दिवसांचा सराव दिलाय, तो मात्र नुसता वाचून सोडून देऊ नका.

आधी एक प्रसंग सांगतो.

भुसावळहून वरणगावकडे निघालं की दीपनगरच्या चिमण्या लांबूनच दिसतात. औष्णिक वीज केंद्र म्हणजे कोळसा आला, आणि कोळसा जळला की राख आली. या राखेपासून विटा बनवणारे छोटे उद्योजक आपल्या या पट्ट्यात आहेत. त्यातलाच एक तरुण माझ्या वर्गाला आला होता. नाव सांगत नाही, पण गोष्ट त्याला विचारूनच लिहितोय. कर्ज काढून मशीन बसवलं होतं. माल चांगला होता. बँकेचा हप्ता सुरू झाला होता आणि गिऱ्हाईक मोजकंच होतं. अशात ओळखीतून एक संधी आली. बांधकाम ठेकेदारांच्या एका बैठकीत त्याला दहा मिनिटं बोलायला मिळणार होती. वीस-बावीस माणसं. त्यातल्या दोघा-तिघांनी जरी नियमित माल उचलला असता तरी हप्त्याची काळजी मिटली असती.

त्याने चार पानं लिहून काढली. राख किती टक्के, सिमेंट किती, क्रशरची कच किती, मशीन कोणत्या कंपनीचं, सगळं. उभा राहिला आणि वाचायला लागला. मान खाली, आवाज खाली. तिसऱ्या मिनिटाला मागून कोणीतरी चहा आला का ते विचारलं. चौथ्या मिनिटाला दोघांचे फोन बाहेर आले. संपल्यावर टाळ्या वाजल्या, पण एकानेही प्रश्न विचारला नाही. धंद्यात प्रश्न न येणं हे टाळ्या न येण्यापेक्षा वाईट, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "सर, मला बोलताच येत नाही. पुढच्या वेळी मोठ्या भावाला पाठवतो."

मी त्याला विचारलं, "काल राखेच्या ट्रकवाल्याशी भाड्यावरून किती वेळ बोललास?"

"अर्धा तास."

"कागद होता हातात?"

तो हसला.

तुमचंही असंच असतं. घरी, दुकानात, साईटवर तुम्ही दिवसभर बोलता. पटवता, भांडता, घासाघीस करता. वीस माणसं समोर आली की तेच बोलणं गायब होतं. का? कारण ट्रकवाल्याशी बोलताना तुमचं सगळं लक्ष ट्रकवाल्यावर असतं. वीस माणसांसमोर ते लक्ष उलटं फिरतं आणि स्वतःवर येतं. मी कसा दिसतोय, माझे हात कुठे आहेत, माझं मराठी शुद्ध आहे का, हे लोक मला हसतील का. माणूस एका वेळी एकाच ठिकाणी नीट बघू शकतो. स्वतःकडे बघत बसलात की समोरचा सुटलाच.

नटालाही हीच अडचण येते. त्याची भीती तुमच्यापेक्षा कमी नसते. फरक एवढाच, की नटांनी शेकडो वर्षं या अडचणीवर काम केलंय. त्यामुळे तयार उपाय त्यांच्याकडे आहेत. आपण ते उसने घ्यायचे.

अभिनय म्हणजे खोटं वागणं नव्हे

"सर, आम्हाला नाटकं करायला शिकवता का?" असं काही जण विचारतात. आपल्याकडे "नाटकं करू नको" ही शिवीच आहे. पण चांगला नट काय करतो ते आठवून बघा. तो खोटा वाटला तर आपण म्हणतो, "ओव्हर केलं." तो आवडतो तेव्हा आपण म्हणतो, "अगदी खरा वाटला." म्हणजे नटाची सगळी मेहनत खरं वाटण्यासाठीच असते. तुमचं तर खरंच आहे. वीट खरी, भाव खरा, गरज खरी. ते खरं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं, एवढंच काम आहे.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत. आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेश आणि वस्तूंचा, आणि सात्त्विक म्हणजे आतल्या भावाचा. गंमत म्हणजे धंद्याचं बोलणंही याच चार पायांवर उभं असतं. आपण शेवटच्यापासून सुरुवात करू, कारण आतलं पक्कं झालं की बाहेरचं निम्मं काम आपोआप होतं.

१. आतलं: समोरच्याकडून मला काय हवंय?

रशियात कॉन्स्तान्तिन स्तानिस्लाव्हस्की नावाचे मोठे दिग्दर्शक होऊन गेले. १८९८ साली मॉस्को आर्ट थिएटर सुरू करणाऱ्या दोघांपैकी ते एक. आज जगभर अभिनय शिकवताना त्यांची पद्धत कुठे ना कुठे येतेच. त्यांचा नटाला एक मूळ प्रश्न असायचा: या प्रसंगात तुझ्या पात्राला काय हवंय? राग दाखव, दुःख दाखव असं नाही. हवंय काय, ते आधी ठरव. मग राग, दुःख जे यायचं ते येईल.

हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा. आमच्या वीटवाल्या मित्राला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्या विटांची माहिती द्यायचीय." हे उत्तर चुकलं. माहिती द्यायची असेल तर छापील कागद वाटता येतो, त्यासाठी तुमची गरज नाही. दुसरं उत्तर आलं, "त्यांना विटा विकायच्यात." हेही जरा लांबचं झालं. दहा मिनिटांत कोणी ट्रकभर विटा घेत नाही. बऱ्याच खटपटीनंतर तिसरं उत्तर आलं: "निदान तीन ठेकेदारांनी माझ्या शंभर विटा नेऊन त्यांच्या मिस्त्रीकडून एक छोटी भिंत बांधून बघावी."

हे झालं उत्तर. यात समोरच्या माणसाने करायची कृती आहे, आणि ती झाली की नाही हे डोळ्यांनी दिसतं. तुमचं वाक्य तपासताना हीच कसोटी लावा. "लोकांना आवडावं" हे वाक्य बाद. "दोन दुकानदारांनी माझ्या केळी वेफरचं एक-एक खोकं काउंटरवर ठेवायला होकार द्यावा" हे चालेल. "बँक मॅनेजरने माझी फाईल बाजूला न ठेवता माझ्यासमोर उघडावी" हेही चालेल.

दुसरा भाग, ज्याला नाटकातली मंडळी परिस्थिती म्हणतात. नट प्रवेश करण्याआधी विचारतो: मी कुठे आहे, किती वाजलेत, याआधी काय घडलंय, समोरचा कोण आहे? आम्ही त्या बैठकीची परिस्थिती लिहून काढली. संध्याकाळची वेळ. ठेकेदार दिवसभर साईटवर उन्हात होते. त्यातल्या काहींनी पूर्वी कुणाकडून तरी राखेच्या विटा घेतल्यात. पुरेसं पाणी न मारता, घाईने विकलेला माल. कोपरे तुटले, मिस्त्री वैतागला. मिस्त्रीची आणखी एक तक्रार असते, की वीट गुळगुळीत असते, प्लास्टर धरत नाही.

म्हणजे समोर बसलेला माणूस रिकाम्या मनाने बसलेला नाही. त्याच्या डोक्यात तुटलेला कोपरा आहे. आणि आपण त्याला मशीनची कंपनी सांगत होतो!

हे एकदा समजल्यावर त्याच्या बोलण्याची सुरुवातच बदलली. नवीन पहिलं वाक्य होतं: "तुमच्यापैकी किती जणांच्या साईटवर राखेच्या विटेचा कोपरा तुटलाय?" वीस ठेकेदारांसमोर असा प्रश्न टाकला की फोन खाली जातात.

२. वाणी: मराठी वाक्याचं शेपूट गिळू नका

१८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत शाकुंतल उभं केलं तेव्हा माइक नव्हता. त्या काळचे नट शेवटच्या प्रेक्षकापर्यंत शब्द पोचवायचे ते ओरडून नव्हे. ओरडून रात्रभर नाटक करता येत नाही, घसा बसतो. श्वास खोल घ्यायचा, आवाजाला त्याचा आधार द्यायचा आणि प्रत्येक शब्द पूर्ण उच्चारायचा, असं ते तंत्र. नटसम्राट १९७० साली रंगभूमीवर आणणारे डॉ. श्रीराम लागू तर शिक्षणाने कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. आवाज म्हणजे शरीराचं काम आहे, अंगात यावी लागणारी जादू नाही, हे नटांना नीट माहीत असतं.

तुमच्यासाठी तीन गोष्टी.

पहिली, श्वास. एक हात पोटावर ठेवा. श्वास घेताना हात बाहेर ढकलला गेला पाहिजे. खांदे वर जात असतील तर श्वास छातीतच अडकतोय. घाबरलेला माणूस नेमका असाच श्वास घेतो, म्हणून त्याचा आवाज चिरका होतो आणि वाक्य अर्ध्यावर संपतं. रोज सकाळी दहा वेळा पोटातून श्वास घ्या आणि सोडताना एकेक वाक्य बोला.

दुसरी गोष्ट खास आपल्या भाषेची. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि "नाही"सुद्धा शेवटीच येतं. "ही वीट लाल विटेपेक्षा महाग पडत नाही." यातला शेवटचा शब्द गिळला तर समोरच्याने काय ऐकलं? "महाग पडत…" म्हणजे बरोबर उलटं! आपल्यापैकी बहुतेक जण वाक्य जोरात सुरू करतात आणि शेवटाला आवाज पाडतात. मोबाईलवर स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि फक्त वाक्यांचे शेवट ऐका. भाव, मुदत, हमी, होकार, नकार, सगळं तिथेच असतं. नटाला तालमीत दिग्दर्शक हेच ओरडून सांगतो: "शेवट उचल!"

तिसरी, पॉज. नवखा नट थांबायला घाबरतो. थांबलो तर लोकांना वाटेल विसरला. अनुभवी नट महत्त्वाच्या वाक्याआधी क्षणभर थांबतो, आणि वाक्य झाल्यावर पुन्हा थांबतो. भाव सांगताना हे करून बघा. "एका विटेचा भाव…" थांबा, आकडा सांगा, आणि मग गप्प राहा. भाव सांगितल्याबरोबर "पण कमी-जास्त होऊन जाईल हो" असं आपणच बोलून जातो ना, ते पॉजची सवय नसल्यामुळे. ती शांतता सहन न झाल्याने आपण आपलाच भाव पाडतो.

आणि एक सांगतो. बोली लपवू नका. आपल्याकडे अहिराणी आहे, लेवा गणबोली आहे. पुण्या-मुंबईच्या पार्टीसमोर बरेच जण मुद्दाम पुस्तकी बोलायला जातात आणि अडखळतात. स्पष्ट बोला, सावकाश बोला, पण तुमच्याच चालीत बोला. उसन्या भाषेत माणसाचं सगळं लक्ष पुन्हा स्वतःवरच जातं.

३. शरीर: पाय रोवा, हात मोकळे सोडा

वऱ्हाड निघालंय लंडनला हा प्रयोग ज्यांनी बघितलाय त्यांना मुद्दा लगेच कळेल. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचे प्रा. लक्ष्मण देशपांडे एकटे रंगमंचावर उभे राहून ५२ पात्रं रंगवायचे. सोबतीला दुसरा नट नाही. मान किती वळवली, पाठ किती वाकवली, आवाज कुठून काढला, एवढ्यावर प्रेक्षकाला कळायचं की आता कोण बोलतंय.

आपल्याला ५२ पात्रं करायची नाहीत. दोन पुरेत. एक तुम्ही, आणि एक तुमचं गिऱ्हाईक. "ग्राहकांच्या मनात प्लास्टरबद्दल शंका असते" असं सांगण्याऐवजी ते घडवून दाखवा. थोडं डावीकडे वळा, कपाळाला आठी घाला: "भाऊ, तुझी वीट फार गुळगुळीत. माझा मिस्त्री म्हणतो प्लास्टर धरत नाही." मग सरळ उभे राहा आणि स्वतःच्या आवाजात उत्तर द्या: "आबा, सांधे थोडे खरवडून घ्या, भिंत ओलवून घ्या आणि मग प्लास्टर मारा. पहिल्या दिवशी मी स्वतः मिस्त्रीजवळ उभा राहतो." ऐकणारा त्या आबांच्या जागी स्वतःला बघतो. त्याचा प्रश्न त्याने न विचारताच सुटतो.

नक्कल मात्र हलकी ठेवा. गिऱ्हाईकाची टर उडवली असं वाटलं तर खेळ संपला.

बाकी शरीराचे नियम साधे आहेत. दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभे राहा, डुलू नका. हात खिशात नकोत, मागे बांधलेले नकोत. काय करायचं कळत नसेल तर नुसते बाजूला सोडा, गरज लागली की ते आपणहून वर येतात. जागा बदलायची असेल तर मुद्दा बदलताना बदला. तक्रारीबद्दल एका जागी उभं राहून बोललात, उपायाकडे वळताना दोन पावलं पुढे या. नाटकात कुठल्या वाक्याला कुठे जायचं हे ठरलेलं असतं, उगाच कोणी फिरत नाही.

नजर एका वेळी एकाच माणसावर ठेवा. एक पूर्ण वाक्य एका माणसाला, पुढचं वाक्य दुसऱ्याला. वीस जणांवरून पंख्यासारखी नजर फिरवली तर ती कोणालाच लागत नाही.

४. वेश आणि वस्तू: वीट कधी बाहेर काढायची?

आहार्य म्हणजे फक्त कपडे नव्हेत, रंगमंचावरची प्रत्येक वस्तू त्यात येते. कपड्यांचा नियम एवढाच, की तुम्ही जे काम करता त्याला शोभतील असे स्वच्छ कपडे. वीटवाल्याने टाय लावून आलंच पाहिजे असं नाही, आणि साईटवरच्या धुळीच्या कपड्यांत आलं तर मेहनती दिसेल असंही नाही.

वस्तूंचा नियम जास्त महत्त्वाचा. पहिल्या वेळी आमच्या मित्राने बैठक सुरू होण्याआधीच टेबलावर सहा विटा मांडून ठेवल्या होत्या. सगळ्यांनी येता-जाता बघितल्या, आणि तो बोलायला उभा राहिला तेव्हा त्या जुन्या झाल्या होत्या. नाटकात महत्त्वाची वस्तू तिच्या वेळेलाच बाहेर येते.

दुसऱ्या वेळी त्याने काय केलं ऐका. दोन वस्तू आणल्या, त्याही पिशवीत झाकून. एक वजनकाटा आणि एक वीट, जी त्याने आदल्या दिवशी कोरडी असताना मोजून चोवीस तास बादलीत बुडवून ठेवली होती. पाणी शोषण्याची मर्यादा वजनाच्या २० टक्के धरली जाते. म्हणजे कोरडी वीट ३ किलोची असेल तर भिजल्यावर ती ३ किलो ६०० ग्रॅमच्या आत राहिली पाहिजे. बोलण्याच्या मध्यावर त्याने कोरडं वजन सांगितलं, ओली वीट पुसून काढली आणि पुढच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ ठेकेदाराला म्हणाला, "नाना, तुम्हीच ठेवा काट्यावर आणि आकडा मोठ्याने वाचा." आकडा त्याने सांगितला नाही, नानांनी सांगितला. वीस ठेकेदारांत नानांच्या शब्दाला जे वजन आहे ते आपल्या चार पानांना कुठून येणार?

तुमच्या धंद्यात अशी कोणती वस्तू आहे, जी समोरच्याच्या हातात देता येईल? मसाला असेल तर वास, वेफर असेल तर आवाज, ब्लाउज असेल तर आतली शिलाई. शोधा, आणि वेळ येईपर्यंत झाकून ठेवा.

५. तालीम: पाठांतर नको, टप्पे पाठ करा

मी काही नट नाही. पण वीज केंद्रांतले कर्मचारी कामगार कल्याण मंडळाच्या आणि कंपनीच्या नाट्यस्पर्धांसाठी नाटकं बसवतात, त्या तालमी मी जवळून बघितल्यात. शिफ्ट करून आलेली माणसं रात्री दहाला उभी राहतात. एका नाटकाला मी प्रॉम्प्टर होतो. विंगेत पुस्तक घेऊन बसायचं आणि कोणी अडकलं की शब्द पुरवायचा. तिथे मला एक गोष्ट दिसली. सगळ्यात जास्त अडकायचे ते, ज्यांनी पोपटासारखं घोकलं होतं. एक शब्द निसटला की पुढची सगळी साखळी तुटायची. ज्याला "मी आत्ता याच्याकडे पैसे मागतोय" एवढं पक्कं माहीत होतं, तो शब्द विसरला तरी स्वतःच्या शब्दांत पैसे मागून पुढे जायचा. प्रेक्षकांना कळायचंही नाही.

म्हणून बोलणं शब्दशः पाठ करू नका. त्याचे चार-पाच टप्पे करा. आमच्या मित्राचे टप्पे असे होते: तुटलेला कोपरा, तो का तुटतो, काट्यावरची वीट, मिस्त्री आणि प्लास्टर, शंभर विटांची मागणी. पाच बोटांवर पाच टप्पे. फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य अक्षरशः पाठ. पहिलं अशासाठी, की तेव्हा भीती सर्वांत जास्त असते. शेवटचं अशासाठी, की मागणी करताना आपली जीभ चाचरते.

तालीम उभं राहून आणि मोठ्याने करायची. मनातल्या मनात वाचणं ही तालीम नाही. मनात आपण कधीच अडखळत नाही, तिथे सगळेच वक्ते असतात. आणि शेवटची एक रंगीत तालीम: तेच कपडे, तीच पिशवी, तोच काटा, हातात घड्याळ, समोर घरची तीन माणसं. काटा सुरू करायला किती वेळ लागतो, ओली वीट पुसायला फडकं आहे का, हे त्या दिवशीच कळतं.

त्या दिवशीच्या भीतीचं काय?

भीती जाणार नाही, हे मान्य करून टाका. छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, तोंड कोरडं पडतं. शरीर कामाला तयार होत असतं. ज्येष्ठ नटांचीही छाती पडदा उघडण्याआधी धडधडते. ते फक्त त्या दहा मिनिटांत करायला काहीतरी ठरवून ठेवतात.

तुम्ही हे करा. बैठकीच्या जागी अर्धा तास आधी पोचा आणि रिकाम्या खोलीत उभं राहून पहिलं वाक्य एकदा मोठ्याने बोला. माइक असेल तर तपासा. येणाऱ्या दोघा-तिघांशी ओळख करून घ्या, म्हणजे बोलताना नजर टेकवायला ओळखीचे चेहरे मिळतात. नाव पुकारल्यावर लगेच तोंड उघडू नका. चालत जा, पाय रोवा, एक श्वास पोटातून घ्या, एका माणसाकडे बघा, मग बोला. आणि मध्ये भीती पुन्हा आली तर स्वतःला एकच विचारा: मला यांच्याकडून काय हवंय? लक्ष परत समोरच्यावर जातं.

पुढे काय झालं?

महिन्याभराने त्याला दुसऱ्या एका बैठकीत आठ मिनिटं मिळाली. मीही मागे बसलो होतो. खरं सांगतो, भाषण काही फार गाजलं नाही. एकदा तो अडखळला, एक टप्पा विसरून पुढे गेला आणि परत आला. पण पहिल्या प्रश्नाला सात-आठ हात वर झाले. नानांनी आकडा वाचला तेव्हा दोघं उठून काट्याजवळ आले. शेवटचं वाक्य त्याने बोलला आणि गप्प उभा राहिला. ती शांतता मलाही सहन होत नव्हती. मग एक जण म्हणाला, "पाठव शंभर, बघतो." आणखी एकाने गाडीभाडं कोण देणार ते विचारलं. त्या दिवशी चौघांनी नमुना मागितला. त्यातल्या एकाने भिंत बांधून बघितली आणि तो आज नियमित माल उचलतो. एकच. पण तो एक भावाला पाठवून मिळाला नसता, कारण मिस्त्रीजवळ उभं राहण्याचं वचन मालकानेच द्यावं लागतं.

एक धोक्याची सूचना. ही तंत्रं कच्च्या मालालाही चांगलं दाखवू शकतात. नट पडदा पडल्यावर घरी जातो, तुम्हाला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच साईटवर जायचंय. वीट काट्यावर ठेवण्याआधी घरी दहा विटा भिजवून बघा. एक जरी मर्यादेबाहेर गेली तर बोलण्याची तालीम थांबवा आणि आधी मालाकडे बघा.

सात दिवसांचा सराव

पहिला दिवस: समोरच्याने काय करावं, ते एका वाक्यात लिहा. कृती दिसली पाहिजे.

दुसरा दिवस: समोरच्याची परिस्थिती लिहा. वेळ, थकवा, जुना वाईट अनुभव, त्याची शंका.

तिसरा दिवस: पाच बोटांवर पाच टप्पे. पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं.

चौथा दिवस: श्वासाचा सराव आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग. फक्त वाक्यांचे शेवट ऐका.

पाचवा दिवस: उभं राहून तालीम. एक संवाद गिऱ्हाईकाच्या तोंडून बोलून बघा.

सहावा दिवस: वस्तू ठरवा. कधी काढायची आणि कोणाच्या हातात द्यायची, तेही ठरवा.

सातवा दिवस: रंगीत तालीम, घड्याळ लावून, घरच्यांसमोर. संपल्यावर "कसं झालं?" असं विचारू नका. विचारा, "मी तुमच्याकडे काय मागितलं?" त्यांना नीट सांगता आलं, तर तुम्ही तयार आहात.

आणि हो, या महिन्यात जवळपास कुठे नाटक लागलं तर तिकीट काढून जा. गोष्ट बघू नका, नटाकडे बघा. तो बोलत नसतो तेव्हा काय करतो, तेवढंच बघा. चांगला नट त्या वेळी समोरच्याचं मन लावून ऐकत असतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत तुमचं पहिलं वाक्य लिहून ठेवा.